तार लावण्याआधी मुळांकडे पाहा



मुलांच्या दातांना तार लावायची म्हटलं, की आपण दात पुढे आलेत का, वेडेवाकडे आहेत का, तेवढंच बघतो.
आज बोलूया न दिसणाऱ्या भागाबद्दल.
दाताच्या मुळाबद्दल.

तारेच्या दाबानं दात हाडातून हळूहळू सरकतो.
एका बाजूचं हाड झिजतं.
दुसऱ्या बाजूला नवं भरतं.
यात मुळाचं टोकही थोडं झिजू शकतं.
बहुतेकांची झीज किरकोळ असते, दाताच्या मजबुतीला धक्का लागत नाही.

पण मुळाचा आकार महत्त्वाचा.
टोकाशी ड्रॉपरच्या नळीसारखं निमुळतं झालेलं, किंवा वाकडं मूळ, जास्त झिजण्याची शक्यता असते.
वरच्या पुढच्या दातांना हा धोका अधिक.
पूर्वी पडून दाताला मार लागला असेल, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा.

ही झीज सहसा दुखत नाही.
म्हणून एक्स-रे हवाच.
उपचाराआधी एक.
आणि सुरू झाल्यावर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा.
झीज जास्त दिसली, तर डॉक्टर दोन-तीन महिने दाताला विश्रांती देतात.
तार काढल्यावर झीज बहुधा थांबते.

पालकांनो, पुन्हा सांगते, मुळाचा आकार महत्त्वाचा.
तार बसवण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच,
“एक्स-रेमध्ये मुळं कशी दिसतात?”