घरच्या लॅबसाठी स्विच: किती पोर्टचा?



नेटवर्किंग घरी शिकायचं तर स्विच किती पोर्टचा घ्यावा, हे तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं. हा खर्च किराण्याच्या पैशातून करायचा असेल, तर प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

बाजारात 5, 8, 16, 24, 48 पोर्टचे स्विच मिळतात. इंटरनेटवर रॅकचे झगमगते फोटो बघून बरेच जण कंपनीतून निघालेला जुना 24 पोर्टचा स्विच शोधायला लागतात. तो स्वस्त मिळतो, खरं आहे. पण तो सर्व्हर रूमसाठी बनलेला असतो, पंखा रात्रभर गरगरतो. दोन खोल्यांत सहा माणसं झोपत असतील तर अम्मी तिसऱ्या दिवशी प्लग काढून ठेवेल, आणि तिचं बरोबरच असेल. वर विजेचं बिल. समजा तो 60 वॅट घेतो. दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला 43 युनिटं. बिनपंख्याचा 8 पोर्टचा स्विच 5 वॅटवर चालला तर साडेतीनच्या आसपास.

आता मोजा. वाय-फायवर चालणारं सगळं सोडा, तार लागणारंच धरा. राउटरकडे जाणारी तार, जुना पीसी, लॅपटॉप, रास्पबेरी पाय, ॲक्सेस पॉइंट. झाले पाच. म्हणजे 5 पोर्टचा पहिल्याच दिवशी भरला. म्हणून मी 8 सांगतो.

‘पण मला दहा मशीन लागतील ना?’ लागतील, पण त्यांना दहा पोर्ट लागत नाहीत. एका जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकून दहा व्हर्च्युअल मशीन चालवा, बाहेर एकच तार येते. ती मशीन वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवून त्याच एका तारेतून सगळ्यांची वाहतूक नेता येते. त्यासाठी 802.1क्यू टॅग ओळखणारा मॅनेज्ड, निदान ‘स्मार्ट’ स्विच हवा. 16 पोर्टच्या साध्या स्विचपेक्षा 8 पोर्टचा मॅनेज्ड घ्या. पोर्ट नंतर वाढवता येतात, साध्या स्विचला व्हीलॅन नंतर शिकवता येत नाही.

वाढवायचे कसे? आणखी एक 8 पोर्टचा आणून एका तारेने जोडा. दोन्हीकडचा एकेक पोर्ट जातो, 14 उरतात. मधली तार एक गिगाबिटची असेल तर पलीकडच्या सगळ्यांना तेवढ्यातच भागवावं लागतं. शिकण्यासाठी पुष्कळ झालं.

आणि हो, दोघांमध्ये चुकून दोन तारा लावल्या तर लूप होतो, ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत राहतात आणि नेटवर्क ठप्प. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, 1985 मध्ये रेडिया पर्लमन या बाईंनी शोधला. ‘हार्डवेअर मुलींचं काम नाही’ असं ऐकून बसलेल्या मैत्रिणींनी हे नाव लिहून घ्यावं. घरी मुद्दाम स्पॅनिंग ट्री बंद करून लूप करा, काय होतं ते बघा, परत चालू करा. नोकरीत हे करून बघायची मुभा कोणी देत नाही. मुलाखतीत मात्र याबद्दल विचारतात. फक्त घरात कोणाचा ऑनलाइन क्लास चालू नाही ना, ते आधी बघा.

कॅमेरे किंवा ॲक्सेस पॉइंट तारेतूनच विजेवर चालवायचे असतील तर पीओई लागेल. तिथे पोर्टइतकेच वॅटही बघा. 802.3एएफमध्ये स्विच एका पोर्टवर 15.4 वॅटपर्यंत देतो, आणि खोक्यावर एकूण 60 वॅट लिहिले असतील तर पूर्ण ताकदीने तीनच पोर्ट चालतात.

मागच्या टेबलावर 8 पोर्टचा मॅनेज्ड स्विच आणि चार तारा ठेवल्या आहेत. या, लावून बघा.