तालमीतून आलेलं भावगीत

ज्यांना रागदारी झेपत नाही ते सुगम संगीताकडे वळतात, असं अजूनही ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. गायिका माणिक वर्मांचं गाणं ऐकलेल्या कुणालाच ते पटू नये.

माणिकताई माहेरच्या दादरकर, जन्म पुण्यातला, १९२६चा. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्यांना किराणा घराण्याची तालीम मिळाली. पुढे आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित गुरू लाभले. बुवांनी बांधलेला जोगकंस राग माणिकताई मैफलीत रंगवून गात, आणि त्याच गळ्यातून नामदेवांचा ‘अमृताहुनि गोड’ हा अभंग घरोघरी पोचला.

आता ‘सावळाच रंग तुझा’ घ्या. गदिमांचे म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची चाल. पहिल्याच शब्दात ‘ळ’ आणि लगेच ‘च’. ही अक्षरं जोर देऊन म्हटली की सूर तुटतो, आणि सूर सांभाळायला जावं तर शब्द पुसट होतो. अशा ठिकाणी आकाराचा रियाज उपयोगी पडतो. आवाज स्वरावर टेकलेला असतो, व्यंजनाला नुसता स्पर्श होतो. शब्द स्वच्छ ऐकू येतो आणि सूरही अखंड राहतो. सावकाश आलापी करून दमसास कमावलेला असला की ओळीच्या मध्येच श्वासासाठी शब्द तोडावा लागत नाही.

खरी परीक्षा मात्र पुढेच असते. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. ख्यालात एवढ्या वेळात स्थायीही नीट भरत नाही. गळ्यात तान तयार आहे, पण इथं ती घ्यायची नाही. एखादी मुरकी, एखादी मींड, तीही शब्दाचा अर्थ मागेल तेव्हाच. हल्ली अनेक गायक प्रत्येक मोकळ्या जागेत हरकती भरतात, तेव्हा फार वाईट वाटतं. तयारी दिसते, पण कविता मागे पडते. माणिकताईंनी तसं होऊ दिलं नाही. बाबूजींच्या ‘गीतरामायणा’त, १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून, त्या गायल्या तेव्हाही शब्दच पुढे होते.

सवड मिळाली की त्यांचा जोगकंस ऐका आणि लगेच एखादं भावगीत लावा. दोन्हीकडे षड्जावर येण्याची त्यांची रीत नीट लक्ष देऊन ऐका.