मामाचा दात, सुजलेला गाल आणि लाल रेघेची गोळी

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा. आजची गोष्ट आमच्या एकोडीची आहे. साकोली तालुका, भंडारा जिल्हा.

धान कापणीच्या आधी माझ्या मामाने नागपूरला जाऊन डेंटल इम्प्लांट बसवून घेतलं. म्हणजे काय, तर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू. तो हाडात घट्ट रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग वर दात बसतो. ऑपरेशनच्या तासभर आधी डॉक्टरांनी मामाला अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या पाचशे मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम दिल्या. त्याआधी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, तेही विचारलं. घरी येताना दिलं काय? दुखण्याची गोळी आणि गुळण्यांचं औषध. बस्स.

मामा तिथेच नाराज. "शेजारच्याचा नुसता दात काढला तर पाच दिवसांच्या गोळ्या, अन्‌ मले एवढे पैसे देऊनही काही नाही?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाल टम्म फुगला. मामा म्हणाला, "बाबू, साकोलीले जा अन्‌ ताकदीची गोळी घेऊन ये गा." मी गाडी काढली, एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्ट्रिप आणली. कोणी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. चूक माझीही होतीच.

घरी आल्यावर स्ट्रिपवरची उभी लाल रेघ दिसली. ही रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. केंद्र सरकारने 2016 मध्ये त्यासाठी मोहीमही काढली होती. म्हटलं, आधी फोन तर करू.

डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले. ताप आहे? पू येतोय? तोंड उघडायला, गिळायला त्रास होतोय? दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय? चारही उत्तरं 'नाही'. मग ते म्हणाले, "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. ही जखम भरतानाची सूज आहे, इन्फेक्शन नाही. अ‍ॅन्टिबायोटिक जंतू मारतं. सूज आणि दुखणं त्याचं काम नाही."

आणि मग पाचवा प्रश्न: "खर्रा बंद आहे ना?"

फोन स्पीकरवर होता. मामा गप्प. खर्रा दुसऱ्या गालात होता!

डॉक्टर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उशिरा भरते, स्क्रू हाडात धरत नाही. त्यावर कोणतीच गोळी नाही."

नंतर मी थोडं वाचलं. 2013 च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा की ऑपरेशनआधी दोन ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिनचा एक डोस दिला, तर साधारण 25 जणांमागे एकाचं इम्प्लांट सुरुवातीलाच निकामी होण्यापासून वाचतं. म्हणजे मामाला जो डोस हवा होता, तो मिळालेला होता! नंतर पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवल्याने आणखी फायदा होतो, याचा ठोस पुरावा त्यात नव्हता.

आता कोणी म्हणेल, "एक्स्ट्रा घेतली तर बिघडतं काय?" बिघडतं. जुलाब लागू शकतात, अंगावर पुरळ येऊ शकतं, क्वचित श्वास अडकण्याइतकी अ‍ॅलर्जी होते. आणि उगाच मारा केला की कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच हा धोका सांगितला होता. 2019 मध्ये अशा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. उद्या मामाला खरोखर न्यूमोनिया झाला, तर हीच गोळी कामी यायला हवी ना?

पण उलटं टोकही गाठू नका. शुगर असेल, हाड भरलं असेल, तर डॉक्टर नंतरही गोळ्या लिहू शकतात. लिहिल्या तर वेळेवर, सांगितले तितके दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडू नका. समजलं नाही तर विचारा, "डॉक्टर, ही कशासाठी?" आणि त्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल, किंवा तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, तर मेडिकल नाही, थेट डॉक्टर. गिळता येत नसेल, श्वास लागत असेल, तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा.

मामाने बर्फ शेकला, दुखण्याची गोळी वेळेवर घेतली, मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या केल्या. चौथ्या दिवशी गाल उतरला. ती स्ट्रिप मात्र कपाटावर पडून होती. आठवड्याने पोराला सर्दी झाली तर मामी म्हणाली, "ते गोळ्या हायेतच ना घरी, देऊन टाकू अर्धी?" साधी सर्दी व्हायरसची, तिथे ही गोळी काहीच करत नाही. तेव्हाच मी ती स्ट्रिप घरातून हलवली.

चार महिन्यांनी मामाचा दात बसला. खर्रा? बंद झाला असं म्हणतो. मी रोज खिसा तपासतो.

तुमच्याही घरी डब्यात अशा उरलेल्या गोळ्या असतील. आज एकदा तो डबा उघडून बघा, लाल रेघ शोधा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!