जुनी विद्युत् मापनयंत्रे : ओळख आणि पुनरुज्जीवन



विज्ञान-महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत, जुन्या वीजकेंद्रांच्या कोठारांत आणि शहरोशहरीच्या भंगारबाजारांत एक विशिष्ट प्रकारची वस्तू आजही आढळते. काळ्या बेकेलाइटची किंवा सागवानी लाकडाची पेटी, तिच्यावर काचेखाली कमानदार मापपट्टी, एक बारीक काटा आणि पितळेची दोन-चार अग्रे. कोणी तिला ‘जुना मीटर’ म्हणतो, कोणी नुसतेच ‘भंगार’. ती विकत घेणारा मनुष्य घरी नेऊन पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तिच्या तारा विजेच्या खोबणीत घालून काटा हलतो की नाही ते पाहतो. आजचे माझे बोलणे मुख्यतः ह्या पहिल्या कृतीसंबंधी आहे. कारण तीत यंत्राचे नुकसान होते, आणि क्वचित माणसाचा जीवही जातो.

मी अभियंता नव्हे. मराठी साहित्याचा अभ्यास केल्यावर तांत्रिक ग्रंथांच्या अनुवादाकडे मी वळले, आणि शब्द नेमका निवडावयाचा तर वस्तू हाताळली पाहिजे ह्या हेतूने जाणत्या कारागिरांच्या शेजारी बसून ही यंत्रे उघडलेली पाहिली. ‘मूव्हिंग कॉइल’ला ‘चल कुंडल’ म्हणावे हे कोशात सापडते. परंतु ते कुंडल केसाएवढ्या तारेचे असते आणि फुंकरीनेही थरथरते, हे कोश सांगत नाही.

प्रथम ओळखीचा प्रश्न. समोरची पेटी काय मोजण्यासाठी केली आहे हे ठरल्यावाचून तिला हात लावू नये. ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘एव्हो’. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी ह्या अभियंत्यास तारायंत्राच्या आणि दूरध्वनीच्या दुरुस्तीसाठी निरनिराळी मापके बरोबर वागवावी लागत. ह्या जाचातून त्याने एकाच पेटीत अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मोजणारे यंत्र कल्पिले. ह्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘एव्हो’ हे नाव पडले. १९२३ मध्ये ते बाजारात आले. त्याचे आठवे प्रारूप १९५१ पासून तयार होऊ लागले आणि सुधारणा होत होत २००८ पर्यंत तयार होत राहिले. एखाद्या मापनयंत्राला इतके दीर्घायुष्य क्वचितच लाभते. भारतातील पुष्कळ प्रयोगशाळांत ते होते, आणि पुढे नाशिक येथील मोटवाने ह्या कारखान्याने त्याच जातीचे बहुपल्ला मीटर तयार केले. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचे हात त्यांवर बसले.

एव्हो ओळखणे कठीण नाही. दर्शनी भागावर दोन मोठ्या गोल कळी असतात, एक एकदिश प्रवाहासाठी व दुसरी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी. मापपट्टीलगत आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की डोळा बरोबर जागी आहे असे समजावे. वर एक लहान बटण असते. काटा पट्टीच्या टोकापलीकडे जोराने गेला की ते उसळून वर येते आणि मंडल तुटते. ह्या योजनेची ख्याती एवढी की ‘एव्हो जळत नाही’ असे कारागीर म्हणत. पण हे वाक्य अपुरे आहे. ते बटण वाचविते ते मीटरच्या कुंडलाला. मीटर हाताळणाऱ्याला वाचविण्यासाठी ते केलेलेच नाही. विजेच्या मुख्य वाहिनीवर क्षणमात्र उसळणारा प्रचंड दाब सोसण्याची जी कसोटी आजच्या मीटरांना लावतात, ती ह्या पेटीच्या जन्मकाळी अस्तित्वातही नव्हती. तिच्या जुन्या रबरी तारांना चिरा गेलेल्या असतात आणि टोकांचे धातू उघडे असतात. म्हणून एव्हो कितीही सुस्थितीत असला तरी वितरण-फलकावर तो नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या मंडलांसाठी, शिकविण्यासाठी, तुलनेसाठी तो खुशाल वापरावा.

दुसरे उदाहरण ‘मेगर’चे. लंडनच्या एव्हरशेड आणि व्हिग्नोल्स ह्या संस्थेचे हे यंत्र विद्युत् निरोधन तपासण्यासाठी असते. म्हणजे तारेवरचे वेष्टन वीज कितपत अडविते हे ते सांगते. बाजूला हातदांडा असतो. तो फिरविला की आतील लहान जनित्र सामान्यतः ५०० व्होल्टचा दाब निर्माण करते. ह्याची एक मौज अशी की दांडा स्थिर असताना काटा मापपट्टीवर वाटेल तेथे पडून राहतो. न जाणणारा म्हणतो, कमान तुटली. वस्तुतः त्यात काट्याला शून्यावर आणणारी कमानच नसते. एकमेकांशी कोन करून बसविलेली दोन कुंडले असतात, एकातून दाबाच्या प्रमाणात आणि दुसऱ्यातून परीक्ष्य वस्तूमधील प्रवाहाच्या प्रमाणात वीज वाहते, आणि काटा त्या दोहोंच्या गुणोत्तरावर स्थिरावतो. म्हणूनच दांडा थोडा हळू वा जलद फिरला तरी वाचन फारसे बदलत नाही. ज्यांनी ‘दुरुस्ती’ म्हणून अशा मेगरला कमान बसविली, त्यांनी चांगल्या यंत्राचे मरण ओढवून घेतले.

मेगर वापरताना दोन गोष्टी जपाव्या. परीक्ष्य वस्तू विजेपासून संपूर्ण अलग केलेली असावी. आणि लांब केबल किंवा धारित्र तपासल्यानंतर त्यात साठलेला भार योग्य रोधातून वाहून जाऊ द्यावा. दांडा थांबला म्हणजे धोका थांबला असे होत नाही.

तिसरी वस्तू विद्यार्थ्यांच्या परिचयाची: पोस्ट ऑफिस बॉक्स. व्हीट्स्टन सेतूचेच हे पेटीबंद रूप. सेतूची कल्पना सॅम्युएल हंटर क्रिस्टी ह्याने १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीट्स्टनने ती १८४३ मध्ये लोकांपुढे आणली. नाव मात्र दुसऱ्याचे राहिले. ह्या पेटीच्या काळ्या एबोनाइटच्या फळीवर पितळी ठोकळे आणि त्यांत बसणाऱ्या निमुळत्या खुंट्या असतात. येथे धोका विजेचा नसून उत्साहाचा आहे. पितळ चमकविण्यासाठी पॉलिशकागद घेऊन बसणारा मनुष्य खुंटी आणि तिचे भोक ह्यांचा मेळ कायमचा बिघडवितो. मग प्रत्येक खुंटीपाशी थोडा थोडा रोध शिरतो आणि सेतू खोटे बोलू लागतो. खुंट्या मऊ कोरड्या कापडाने पुसाव्या, एवढे पुरे. एबोनाइटचे तर असे आहे की वर्षानुवर्षे उजेड लागून ते तपकिरी-हिरवट होते आणि त्यातील गंधकामुळे पृष्ठभागावर सूक्ष्म आम्ल जमते, जे विजेला वाट करून देते. गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून ते लगेच कोरडे करावे. गरम पाणी लावल्यास रंग आणखी उडतो.

आता धोक्यांविषयी, कारण येथे मौन बाळगणे योग्य नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही लष्करी व वैमानिकी मापकांच्या तबकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रंग लावलेला असे. त्यात रेडियम असे. तो रंग आज चमकत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. चमक जाते ती रेडियमबरोबर मिसळलेल्या जस्ताच्या संयुगाची; रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, म्हणजे ते जसेच्या तसे तेथे आहे. सुकलेला रंग भुकटी होऊन श्वासावाटे आत गेला तर तो हाडांत जाऊन बसतो. अशा मापकाची काच उघडू नये, रंग खरवडू नये. शंका असल्यास यंत्र बंद पिशवीत ठेवून किरणोत्सर्ग मोजणाऱ्या जाणकारास दाखवावे.

वेस्टन घट हा असाच फसवा पाहुणा. एडवर्ड वेस्टनने १८९३ मध्ये तो सिद्ध केला. १९११ पासून १९९० पर्यंत व्होल्टचे आंतरराष्ट्रीय प्रमाण त्याच्या आधारे राखले गेले. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे १.०१८६ व्होल्ट दाब देतो. जुन्या विभवमापकांच्या सोबतच्या लाकडी डब्यात इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराची काचनळी दिसली तर ती हीच. तिच्यात पारा आणि कॅडमियम आहे, दोन्ही विषारी. तिच्यातून प्रवाह घ्यावयाचा नसतो, तिला आडवी करावयाची नसते, आणि फुटली तर उघड्या हातांनी गोळा करावयाची नसते.

मुख्य वाहिनीवर चालणाऱ्या यंत्रांत, उदाहरणार्थ निर्वात नलिकांच्या परीक्षकांत, आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. मागील पट्टीवर ११७ व्होल्ट असे छापले असेल तर ते अमेरिकन यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत जळेल. त्यास योग्य रोहित्र हवे. बाहेर आलेल्या तारेस दोनच शाखा असतील तर धातूची पेटी भूमीला जोडलेली नाही. आतील मेण व कागदाची धारित्रे कालांतराने गळू लागतात. सुमारे १९३० पासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या तेलकट धारित्रांत पीसीबी नावाचे घातक द्रव्य असू शकते. गळणारे धारित्र हातमोज्यांशिवाय धरू नये आणि कचऱ्यात टाकू नये. सेलेनियमच्या चकत्यांचा एकदिशकारक जळला तर कुजक्या मुळ्यासारखा उग्र वास येतो. तो वास आला की वीज तोडून, खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे. वास कशाचा आहे ह्याचा शोध नाक लावून घेऊ नये.

येथे अनुवादकाचा एक अडचणीचा अनुभव सांगते. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत स्पर्शबिंदू कार्बन टेट्राक्लोराइडने धुवावेत असे सर्रास लिहिलेले असते. हे द्रव्य यकृतावर आघात करते. मूळ लेखकाचे वाक्य बदलण्याचा अधिकार अनुवादकाला नाही, हे मला मान्य आहे. पण वाचक ते वाक्य वाचून बाटली शोधावयास निघेल हेही खरे आहे. मी वाक्य जसेच्या तसे ठेवते आणि त्याच पानावर तळटीप देते. परिशिष्टात नव्हे, त्याच पानावर. कारण परिशिष्ट कोणी वाचत नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. यंत्र प्रथम न उघडता न्याहाळावे, सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावी, अनुक्रमांक लिहून ठेवावा. मग विजेशिवाय उघडावे. जुने घट आत फुटलेले असतात. एव्होच्या आठव्या प्रारूपात दीड व्होल्टचा मोठा आणि १५ व्होल्टचा लहान असे दोन असतात. जस्त-कार्बनच्या घटांतून आलेला पांढरट-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या ओलसर फडक्याने टिपून घ्यावा. चुंबकाला मात्र हात लावू नये. चल कुंडलाभोवतीचे चुंबक बाहेर काढले की त्याचे मंडल तुटते आणि त्याचे बळ कमी होते. परत बसविले तरी मीटर कमी दाखवितो आणि दोष कोठे आहे ते उमजत नाही. शिवाय कामाच्या मेजावरचा लोखंडाचा कीस त्या फटीत ओढला जातो. काटा अडकत असेल तर पुष्कळदा कारण साधे असते: प्लॅस्टिकच्या झाकणावर स्थिर विद्युत् जमलेली असते. साबणाच्या सौम्य पाण्याने झाकण पुसले की काटा सुटतो.

मुख्य वाहिनीवरील यंत्रात प्रथमच वीज सोडताना विलगन-रोहित्र घ्यावे आणि मार्गात तंतूचा ४० किंवा ६० वॅटचा दिवा एकसरीत जोडावा. आत कोठे मंडल लघू झाले असेल तर दिवा भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचते. दिवा रोहित्रासारखे विजेच्या धक्क्यापासून रक्षण करीत नाही, हा भेद लक्षात ठेवावा. वीज तोडल्यावरही मोठी धारित्रे भारित असतात. ती रोधातून रिकामी करावी आणि मीटरने खात्री करून घ्यावी. पेचकसाने ठिणगी पाडण्याची आपल्याकडील रीत सोडून द्यावी. आणि असे काम एकट्याने करू नये. वीज कोठून तोडावयाची हे ठाऊक असलेले माणूस खोलीत असावे.

दुरुस्त झालेल्या यंत्राचे वाचन आधुनिक मीटरशी जुळत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ही गोष्ट थोडी समजावून घेण्याजोगी आहे. समजा, एखाद्या बिंदूवर ९० व्होल्ट आहेत आणि ते एक लाख ओहम रोधामागून येत आहेत. प्रति व्होल्ट ५०० ओहम संवेदनशीलतेचे जुने मीटर १०० व्होल्टच्या पल्ल्यावर लावले तर त्याचा स्वतःचा रोध ५०,००० ओहम. ते दाखवील अवघे ३० व्होल्ट. एव्होच्या आठव्या प्रारूपाची संवेदनशीलता प्रति व्होल्ट २०,००० ओहम. ते सुमारे ८६ दाखवील. एक कोटी ओहमचे अंकीय मीटर ८९ दाखवील. तिन्ही मीटर निर्दोष आहेत. जे मोजावयाचे त्याच्याकडून थोडी वीज घेतल्यावाचून काटा हलत नाही, आणि जुना मीटर ती अधिक घेतो. म्हणून जुन्या रेडिओच्या पत्रिकेवर छापलेले आकडे कोणत्या मीटरने घेतले, हे त्याच पत्रिकेत कोपऱ्यात लिहिलेले असते. ते न वाचता नव्या मीटरने तपासणारा मनुष्य निरोगी भाग काढून टाकतो. जुना मीटर जिवंत ठेवण्याचे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

शेवटी, कोठे थांबावे? संग्रहालयासाठी यंत्र ठेवावयाचे असेल तर मूळ धारित्रे, तारा, छापील तबकडी जशीच्या तशी ठेवून त्यास वीज देऊ नये. वापरावयाचे असेल तर आतील जीर्ण भाग बदलावे, काढलेले भाग चिठ्ठी लावून पेटीसोबत ठेवावे, आणि काय बदलले, कोणत्या तारखेला, हे झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावे. रेडियम किंवा पारा असलेल्या भागांना हा नियम लागू नाही. पुढे ती पेटी उघडणाऱ्याला आपण कोण होतो हे ठाऊक नसेल. ती चिठ्ठी तेवढी त्याच्या हाती लागेल.