रफीसाहेबांचे मोठेपण आणि मजुरीचा प्रश्न

(महंमद रफी यांच्या स्मृतिदिनी, ३१ जुलै रोजी, भिवंडीत जमलेल्या श्रोत्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

भिवंडीत गाणे ऐकायचे तर आधी माग थांबावा लागतो. ज्यांनी यंत्रमागाच्या गाळ्यात कधी पाऊल टाकलेले नाही त्यांना हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटेल; तुम्हांला वाटणार नाही. धोट्याच्या त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागते, आणि बारा तासांची पाळी करून घरी गेलेल्या माणसाच्या कानात तो खडखडाट झोपेतही चालूच असतो. अशा गावात एका गायकासाठी पाळी चुकवून, म्हणजे पदरची मजुरी बुडवून, एवढी माणसे जमतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून मी जे बोलणार आहे ते ऐकून काहींना राग आला तरी माझा हेतू रफीसाहेबांना उणे करण्याचा नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

गेले दोन तास मी मागे बसून तुमची चर्चा ऐकत होतो. एक गृहस्थ म्हणाले, रफीसाहेबांनी अठ्ठावीस हजार गाणी गायिली. दुसऱ्या एका वृद्ध बंधूंनी, ज्यांचे सारे आयुष्य कांड्या भरण्यात गेले, ती एक रुपयाची गोष्ट सांगितली: निर्माता गरीब, संगीतकार नवा, म्हणून रफीसाहेबांनी एका रुपयावर गाणे गायिले. ती सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता. मग एका तरुणाने किशोरकुमारांचे नाव काढले, तेव्हा चार जणांनी त्याला गप्प केले. 'तो वेडा, पैसा हातात पडल्याशिवाय तोंड उघडत नसे,' असे कोणी तरी म्हणाले. आणि लताबाईंचा विषय निघाला तेव्हा 'त्यांना पैशाचा मोह' हा शेरा सभेने जवळजवळ एकमताने संमत केला.

या चर्चेत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिघेही आपल्या काळातले थोर गायक. पण आपण त्यांच्या ज्या प्रतिमा मनात बाळगल्या आहेत त्या गळ्यावरून ठरलेल्या नाहीत, त्या मोबदल्यावरून ठरल्या आहेत. जो मिळेल ते घेऊन समाधानी राहिला तो देवमाणूस. जो आधी दाम मागत होता तो वेडा. आणि जिने दाम घेऊन पुन्हा मिळकतीत वाटा मागितला ती लोभी. हा निवाडा ज्यांनी केला ते मागमालक असते तर मला नवल वाटले नसते. निवाडा करणारे मीटरवर मजुरी घेणारे आहेत, म्हणून हा विषय मी आज काढतो आहे.

आधी अठ्ठावीस हजारांचे पाहू. लताबाईंच्या नावावर गिनीज बुकात पंचवीस हजार गाण्यांचा विक्रम नोंदला गेला, तेव्हा रफीसाहेबांनी त्या संस्थेला पत्रे लिहून फेरतपासणीची मागणी केली. पहिले पत्र १९७७ चे, नंतरचे १९७९ चे. त्यांच्या मृत्यूनंतर १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीसोबत रफीसाहेबांचा अठ्ठावीस हजारांचा दावाही छापला गेला आणि १९९१ मध्ये दोन्ही नोंदी गळाल्या. पुढे अभ्यासकांनी एकेक गाणे मोजले, तेव्हा रफीसाहेबांची हिंदी चित्रपटगीते साडेचार हजारांच्या आसपास भरली. साडेचार हजार ही काय थोडी संख्या झाली? पण चाहत्याला मोठा आकडा हवा असतो. मला मात्र त्या पत्रांचे वाटते. ज्या माणसाने पैशाचा हिशेब कधी मागितला नाही, त्याला आपण विणलेल्या ताग्यांचा हिशेब बरोबर हवा होता. हा अहंकार नव्हे. मागावर काम करणारा कोणताही माणूस हे समजू शकतो. मजुरीच्या दराबद्दल तो गप्प राहील, पण वहीत दहा मीटर कमी लिहिले गेले तर रात्रभर त्याला झोप येत नाही. रफीसाहेबांचे जे चित्र आपण रंगवतो, सदा हसतमुख, कशाचाच आग्रह नसलेले, त्यात ही पत्रे बसत नाहीत. मला ती त्या चित्राहून अधिक प्रिय आहेत.

आता रॉयल्टीचे प्रकरण. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते घडले. चित्रपटाच्या गाण्यांच्या तबकड्या खपत, त्यावर संगीतकाराला पाच टक्के रॉयल्टी मिळे. गाणाऱ्याला गाण्याच्या दिवशी जे ठरले असेल तेवढेच. पुढे ती तबकडी दहा वर्षे खपो की पन्नास वर्षे. लताबाईंनी म्हटले, गायकालाही वाटा हवा. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे मुकेश आणि तलत महमूद हेही या मागणीत होते. म्हणजे ही एकट्या बाईची हाव नव्हती, तो एका धंद्यातल्या माणसांचा सामुदायिक प्रयत्न होता. रफीसाहेबांनी त्याला साथ दिली नाही. त्यांचे म्हणणे असे की निर्माता पैसा घालतो, चित्रपट पडला तर तो बुडतो, आपले पैसे मात्र आपल्याला मिळालेले असतात. तेव्हा गाणे गायिले, बिदागी घेतली, आपला हक्क संपला. त्यानंतर काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे सोडले. १९६७ च्या सुमारास समेट झाला. त्या समेटात कोणी कोणाला माफीचे पत्र लिहिले की नाही, यावर २०१२ मध्ये लताबाई आणि रफीसाहेबांचे चिरंजीव यांच्यात वाद झाला. त्यात आपण शिरायचे कारण नाही.

मित्रहो, आपल्या धंद्यात चार जण दरवाढीसाठी उभे राहिले आणि पाचवा, सर्वांत कसबी कारागीर म्हणाला की शेठ बिचारा धोका पत्करतो, मला आहे ते पुरे, तर त्याला आपण काय म्हणतो, हे मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. तुम्हांला तो शब्द ठाऊक आहे.

पण तो शब्द रफीसाहेबांना लावायला माझी जीभ धजत नाही, आणि त्याचे कारण केवळ भक्ती नाही. फितूर होणाऱ्याला काही मिळते. रफीसाहेबांनी स्वतःचेही नुकसानच करून घेतले. मग ते असे का वागले? माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. अमृतसर जिल्ह्यातल्या कोटला सुलतानसिंग या गावचा हा मुलगा. कुटुंब लाहोरला आले आणि केशकर्तनाच्या दुकानावर त्यांचा निर्वाह चालला. त्या दुकानात त्यांनी स्वतः काम केले होते. हजामत झाली, पैसे मिळाले, गिऱ्हाईक उठले; त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पुढे कोणी हक्क सांगत नाही. हा जुन्या बलुतेदार-कारागिराचा धर्म आहे, आणि तो प्रामाणिकपणाचा धर्म आहे. गाव होते, गिऱ्हाईक समोर बसत होते, तोवर तो चालण्यासारखा होता. पण तबकडी निघाल्यावर एकदा केलेली हजामत लाख वेळा विकता येऊ लागली. कारागिराचा धर्म जुनाच राहिला, बाजार नवा झाला, आणि मधला सगळा नफा ज्याच्या हातात यंत्र होते त्याच्याकडे गेला.

भिवंडीला हे निराळे समजावून सांगायला नको. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे कापड कुठे विणले गेले? याच गल्ल्यांत. मजूर इथला, वीज इथली, कोरा तागा इथला. आणि त्यावर शिक्का बसला गिरणीचा. दुकानातल्या गिऱ्हाइकाला विणणाऱ्याचे नाव कधी कळले नाही. पार्श्वगायनाचे प्रारंभी असेच होते. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारीचे नाव चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी' असे होते. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, शिक्का तिसऱ्याचा. फिल्मफेअर पारितोषिकांत गायकाला जागा नव्हती. म्हणून लताबाईंनी त्या समारंभात गाण्याचे नाकारले आणि १९५९ पासून गायनाला पारितोषिक सुरू झाले. दोनच वर्षांनी ते रफीसाहेबांनाही 'चौदहवीं का चाँद'साठी मिळाले. आधी नाव, मग मान, मग वाटा, अशी ती पायरीपायरीने चाललेली लढाई होती. पहिल्या दोन पायऱ्यांचा लाभ सर्वांना झाला, तिसरीवर फूट पडली.

त्या फुटीची किंमत मोठी होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे संगीतकार-गीतकार विरुद्ध निर्माते असा खटला आला आणि निर्मात्यांच्या बाजूने निकाल लागला. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून खेद व्यक्त केला, की आपल्या कायद्यात गाणाऱ्याच्या गळ्याला काही हक्कच नाही आणि ही गोष्ट भारतीय परंपरेशी विसंगत आहे. सादर करणाऱ्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि रॉयल्टीचा हक्क स्पष्ट झाला २०१२ मध्ये, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तो प्रश्न लावून धरल्यानंतर. लताबाईंची मागणी मान्य व्हायला पन्नास वर्षे लागली. या पन्नास वर्षांत किती तरी लहान गायक, कोरसात गाणाऱ्या किती तरी बाया, वाद्यवृंदातले किती तरी वादक म्हातारपणी हलाखीत गेले. रफीसाहेबांचे दार त्यांना उघडे होते, त्यांनी गुप्तपणे अनेकांना मदत केली, हे खरे आहे. परंतु एका दारावर किती जणांचे भागणार? ते दार ३१ जुलै १९८० च्या रात्री बंद झाले. वय पंचावन्न. दुसऱ्या दिवशी भर पावसात जुहूच्या दफनभूमीकडे हजारो माणसे चालत गेली.

किशोरकुमारांविषयी दोनच शब्द, नाही तर तो तरुण रागावून जाईल. पहिला असा, की १९५८ च्या 'रागिनी'त पडद्यावर किशोरकुमार आहेत आणि त्यांच्यासाठी गळा रफीसाहेबांचा आहे. तेव्हा त्या दोघांना जे वैर ठाऊक नव्हते ते आपण गल्लीत का चालवावे? दुसरा असा, की आधी दाम मागणारा माणूस नाही म्हणायलाही शिकलेला असतो. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीला राबवून घ्यायचे ठरले, तेव्हा या 'वेड्या'ने अधिकाऱ्यांना भेटायलाही नकार दिला आणि ४ मे १९७६ पासून त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवर बंद झाली. शाह आयोगापुढे ते प्रकरण निघाले. आपल्या चळवळीतील वडीलधारी माणसे तेव्हा येरवड्यात आणि नाशिकरोडला होती. (आपल्याकडे उचल घेणारा बांधला जातो. किशोरकुमारांनी मात्र पैसे आधी घेऊनही स्वतःला मोकळे ठेवले, ही विद्या शिकण्यासारखी आहे.)

आता आणखी एक, जे सांगितल्यावाचून मला खाली बसवणार नाही. १९७० च्या मे महिन्यात आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात या गावाने जे पाहिले ते तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरापर्यंत आले होते. त्यानंतर आपल्या सभांत 'बैजू बावरा'तले भजन लावायचे आणि म्हणायचे, की पाहा, कवी शकील बदायुनी, संगीत नौशाद, गळा रफीसाहेबांचा, तिघेही मुसलमान, अशी रीत पडली. रीत चांगली आहे. पण १९५२ मध्ये त्या तिघांनी ऐक्याचा देखावा म्हणून ते केले नव्हते. हाती घेतलेले काम उत्तम व्हावे म्हणून केले होते. श्रीकांत ठाकरे यांनी रफीसाहेबांकडून मराठी गीते गाऊन घेतली, त्यांचे बंधू बाळासाहेब यांचे राजकारण तुम्हांला माहीत आहे. तिथेही दोघांना जोडणारी वस्तू चाल होती. एका गाळ्यात पद्मशाली आणि मोमीन शेजारी शेजारी माग चालवतात तेव्हा तेही ऐक्याचे भजन म्हणत नसतात. सूत तुटले की जो जवळ असतो तो गाठ मारतो.

२०१० मध्ये जुहूच्या दफनभूमीत जागा अपुरी पडली म्हणून जुन्या कबरी काढल्या गेल्या, त्यांत रफीसाहेबांचीही गेली. चाहते जवळच्या एका नारळाच्या झाडाच्या खुणेने ती जागा शोधतात. तुमच्यापैकी काही जण दर वर्षी तिथे जाऊन येतात हे मला माहीत आहे. यंदा जाल तेव्हा त्या एक रुपयाच्या गोष्टीबरोबर मुकेश, तलत आणि लताबाई यांची ही गोष्टही गाडीत एकमेकांना सांगा. ते वृद्ध बंधू माझ्याशी सहमत नाहीत, मान हलवीत आहेत. त्यांचे ऐकायला मी थांबणार आहे. तोवर मी आलो तेव्हा जे गाणे मध्येच बंद केलेत ते पुन्हा लावा. पलीकडच्या गाळ्यात माग सुरू झालेला दिसतो, तेव्हा आवाज जरा मोठा ठेवा.