शेवटच्या रांगेपर्यंत

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठाशी माझा संबंध जुना आहे. मात्र तो व्यासपीठावरचा नव्हे, विंगेतला. वायरींच्या गुंत्यात, मिक्सरच्या टेबलामागे बसून मी आपल्या शाळेची अनेक संमेलने ऐकली आणि पुढे ध्वनियंत्रणा हाच माझा व्यवसाय झाला. संयोजकांनी मला सांगितले, "आपल्या कार्यक्रमांचा आवाज माजी विद्यार्थी आणि पालकच सांभाळतात. त्यांच्या उपयोगाचे काही बोला." म्हणून आज मी कॉम्प्रेसर आणि लिमिटर या दोन साधनांविषयी, त्यांची बटणे कशी लावावीत याविषयी बोलणार आहे. विषय रूक्ष वाटेल. माझ्यापुरता तो एका प्रश्नातून सुरू झाला, आणि तो प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला होता.

संमेलनाची संध्याकाळ होती. चौथीतली एक मुलगी मनोगत सांगायला उभी राहिली. तिच्या पाठोपाठ प्रमुख पाहुणे बोलले. त्यांचा आवाज खणखणीत होता. पहिल्याच वाक्याला कर्णे फाटल्यासारखे वाजले आणि मागच्या रांगेतल्या काही वृद्धांनी कानांतली श्रवणयंत्रे काढून हातात घेतली. घरी जाताना वडिलांनी विचारले, "ती लहान मुलगी काय म्हणाली रे?" वयोमानाने त्यांचे कान मंद झाले होते. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता, कारण माझ्या कानांवर हेडफोन होता. सभागृहाला काय ऐकू येते आहे, हे मी तपासलेच नव्हते. चूक पूर्णपणे माझी होती.

आपल्या भिलाईत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या गावी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पिढीतील आजी-आजोबा आज आपल्या शेवटच्या रांगेत बसतात. घराबाहेर दिवसभर हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या या गावात नातवंडाच्या तोंडून मराठी भाषण ऐकायला ते मुद्दाम येतात. तेच त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, तर आपण संमेलन कोणासाठी भरवतो?

उतारवयातील कानाची अडचण अशी की हळू आवाज ऐकू येत नाही, मोठा आवाज मात्र तरण्या माणसाइतकाच, कधी त्याहूनही अधिक बोचतो. ऐकू येणे आणि त्रास होणे यांमधली पट्टी अरुंद होत जाते. त्यातही वरच्या पट्टीतले स्वर आधी मंदावतात, म्हणून स, श, त यांसारखी व्यंजने हरवतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाही," ही तक्रार त्यामुळेच होते. अशा श्रोत्यासाठी नुसता आवाज वाढवून भागत नाही. हळू आणि मोठा यांतले अंतर कमी करावे लागते. आजच्या श्रवणयंत्रातही एक चिमुकला कॉम्प्रेसर असतो, तो याचसाठी.

कॉम्प्रेसर म्हणजे फेडरवर ठेवलेले एक जागरूक बोट. वक्त्याचा आवाज चढला की ते बोट फेडर खाली ओढते, आवाज उतरला की पुन्हा जागेवर नेते. १९३० च्या दशकात रेडिओ केंद्रांना अशा बोटाची गरज भासली. आवाज अचानक चढला की प्रक्षेपण बिघडे आणि माणसाचा हात तितका चपळ नसे. पुढे हेच साधन ध्वनिमुद्रणात आले आणि आज ते आपल्या साध्या डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक माइकसाठी उपलब्ध आहे.

त्याचे पहिले बटण थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. आवाज या पातळीच्या खाली असेपर्यंत यंत्र स्वस्थ बसते. ओलांडला की कामाला लागते. दुसरे बटण रेशो, म्हणजे ओलांडलेल्या भागाचे प्रमाण. उंबरठा उणे २० डेसिबलवर आणि प्रमाण ४ : १ असे धरा. आवाज उणे ८ वर गेला, तर तो उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आहे. बाहेर पडताना त्या १२ चे ३ होतात आणि आवाज उणे १७ वर येतो. ९ डेसिबलची कपात झाली. भाषणासाठी ४ : १ जरा कडकच. मी २ : १ किंवा ३ : १ पासून सुरुवात करतो आणि उंबरठा असा ठेवतो की नेहमीच्या बोलण्यात कपातीची सुई जेमतेम हलावी आणि जोरात बोलल्यावर ४ ते ६ डेसिबलपर्यंत जावी. सुई एकदा खाली गेली की परत वर येतच नसेल, तर उंबरठा फार खाली आला आहे, असे समजावे.

तिसरे बटण अटॅक. उंबरठा ओलांडल्यावर यंत्राने किती वेळात पकड घ्यायची, हे त्यावर ठरते. ही वेळ मिलिसेकंदांत मोजतात. फार चपळ पकड घेतली तर क, ट, प यांसारख्या स्पर्श व्यंजनांची धार जाते आणि ढोल-ताशाची थाप बोथट होते. भाषणाला १० ते २० मिलिसेकंद बरे. थापेच्या वाद्याला त्याहून थोडे अधिक. चौथे बटण रिलीज, म्हणजे पकड सोडण्याचा वेळ. तो फार कमी ठेवला तर दोन शब्दांच्या फटीत पंख्याची घरघर आणि वक्त्याचा श्वास उसळून वर येतो. फार जास्त ठेवला तर वक्ता मोठ्याने हसल्यानंतरचे हळुवार वाक्य दबलेलेच राहते. १५० ते २५० मिलिसेकंद ही सुरुवात धरावी आणि पुढे कानांनी ठरवावे.

पाचवे बटण मेकअप गेन. मोठे आवाज दाबल्यावर सगळेच थोडे वर उचलण्यासाठी ते असते. इथे नवखा माणूस हमखास फसतो. वक्ता थांबला की कॉम्प्रेसरची कपातही थांबते, मात्र वाढवलेला गेन तसाच राहतो. म्हणून माइकची शिट्टी नेमकी शांततेत वाजते. तुम्ही ६ डेसिबल उचलले, तर शिट्टीच्या तितकेच जवळ गेलात. बंद खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ही भीती नसते. समोर कर्णे लावून बसणाऱ्या आपल्याला असते. सभागृहात हे बटण कंजूषपणे वापरावे.

मग त्या मुलीचा हळू आवाज वर आणायचा कसा? याचे उत्तर मला यंत्रात नव्हे, माइकच्या स्टँडवर सापडले. त्या संध्याकाळी माइक प्रौढ माणसाच्या उंचीवर होता आणि मुलीचे तोंड त्याच्यापासून दोन फूट खाली होते. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की माइकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. दोन फुटांचा एक फूट केला तर ६, एक फुटाचे सहा इंच केले तर आणखी ६. शिट्टीचा धोका न वाढवता १२ डेसिबल मिळतात आणि त्यासाठी स्टँडचा एक स्क्रू फिरवावा लागतो. जो आवाज माइकपर्यंत पोहोचलाच नाही, त्याला कोणताही कॉम्प्रेसर वाचवू शकत नाही. म्हणून आधी स्टँड, मग माइकचा गेन आणि त्यानंतर कॉम्प्रेसर, हा क्रम पाळावा. शक्य असेल तर प्रत्येक माइकला वेगळा कॉम्प्रेसर लावावा. एकच यंत्र सगळ्यांवर मिळून लावले, तर ढोलाच्या प्रत्येक थापेसरशी शेजारी बोलणाऱ्या मुलाचा आवाज गचके खात दबतो.

हे साधन कुठे आवरते घ्यावे, हेही सांगितले पाहिजे आणि त्यासाठी मी आपल्या शेजारच्याच कलावतीचे उदाहरण घेतो. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई या आपल्या पोलाद कारखान्यातही नोकरीला होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीत बसून गाण्याची वेदमती आणि उभे राहून अभिनयासह सादर करण्याची कापालिक, अशा दोन शैली आहेत. तीजनबाईंनी पुरुषांची मानली जाणारी कापालिक शैली स्वीकारली. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो. द्रौपदीची व्यथा सांगताना स्वर खाली येतो आणि पुढच्या क्षणी युद्धाची आरोळी उठते. हे अंतर म्हणजेच त्यांची कथा. तिथे कडक प्रमाण लावून कुजबुज आणि आरोळी एका पातळीवर आणली, तर गाणे ऐकू येईल, पण महाभारत घडणार नाही. अशा वेळी उंबरठा वर ठेवावा, प्रमाण सौम्य ठेवावे आणि फक्त अगदी टोकाची आरोळी सांभाळावी. आपल्या कीर्तनकारांना आणि पोवाडा गाणाऱ्या शाहिरांनाही हेच लागू आहे.

आता लिमिटर. तोही कॉम्प्रेसरच, पण अत्यंत कडक. त्याचे प्रमाण २० : १ किंवा त्याहून अधिक असते, पकड अतिशय चपळ असते आणि जागा सगळ्यात शेवटी, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी. माइक हातातून पडला, कोणी वायर उपटली, पाहुणे अचानक गरजले, अशा वेळी स्पीकर आणि श्रोत्यांचे कान वाचवणे हे त्याचे काम. त्याची मर्यादा अ‍ॅम्प्लिफायरचा क्लिपचा लाल दिवा लागतो त्या पातळीच्या थोडी खाली बांधावी. कार्यक्रमभर लिमिटरचा दिवा क्वचितच लागला पाहिजे. तो सतत पेटलेला असेल, तर यंत्रणा सुरक्षित आहे असे समजू नये; आवाज मुळातच जास्त आहे. सतत दाबलेल्या आवाजाची सरासरी ताकद मोठी असते, त्यात स्पीकरची कॉइल तापते आणि ऐकणाराही थकतो. मिक्सरच्या तोंडाशीच फाटलेला आवाज लिमिटर सांधू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंती आपण सर्वांनी अनुभवल्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रुग्णालये, न्यायालये आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जाऊ शकतो. तिथे मर्यादा ५० आणि ४० आहे. म्हणजे शाळेचे अंगण हे शांततेसाठी राखता येणारे अंगण आहे. आपल्या घरच्या कार्यक्रमातही आपण ते विसरू नये. लिमिटरची मर्यादा ठरवताना हे आकडे समोर ठेवावेत, ही माझी विनंती.

शेवटी एक पद्धत सांगतो. कार्यक्रमापूर्वी शाळेतल्या सर्वांत हळू बोलणाऱ्या मुलाला माइकसमोर उभे करावे, स्टँड त्याच्या उंचीला आणावा आणि त्याला चार वाक्ये बोलू द्यावीत. मिक्सरवर बसणाऱ्याने हेडफोन काढून शेवटच्या रांगेत जावे. तिथे एखाद्या आजोबांना किंवा आजींना बसवावे आणि मुलगा काय म्हणाला, हे त्यांनाच विचारावे. त्यांनी वाक्य बरोबर सांगितले की मग मोठ्या आवाजाच्या माणसाला बोलवावे आणि उंबरठा, प्रमाण, मर्यादा ठरवावी.

पुढच्या वर्षीच्या संमेलनात मी असेच केले. शेवटच्या रांगेत मी वडिलांनाच बसवले होते. दुसरीतला एक मुलगा आपल्या गायीविषयी बोलला. मी मागे जाऊन विचारले, "बाबा, काय म्हणाला तो?" ते म्हणाले, "गायीचं नाव कपिला आहे. आणि ती याच्या आईचंच ऐकते."

मग मी टेबलापाशी परतलो आणि ती बटणे त्या संध्याकाळी पुन्हा हलवली नाहीत.