शाहिराचे ऋण
(नाहूर येथील सभेत केलेले भाषण)



१४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी होती. भीमजयंतीच्या मिरवणुका निघाल्या नाहीत, मंच उभे राहिले नाहीत. तेव्हा आपले वृद्ध शाहीर घरात एकट्याने मोबाईलसमोर बसून गायिले. समोर टाळी नव्हती, मागे झील धरणारे नव्हते. तरी भीमगीत थांबले नाही. हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

परंतु ज्यांची वर्षाची चूल जयंतीच्या मानधनावर पेटते, त्यांच्या हाती त्या वर्षी काय पडले?

भीमराव कर्डकांच्या जलशाने माणसे एकत्र बसवून जागी केली. ते सामर्थ्य मोबाईलच्या पडद्यात नाही. म्हणून नाहूरकरांनो, शाहिराला विहारात बोलवा, सहकुटुंब ऐका आणि त्याचे मानधन हक्क म्हणून द्या, उपकार म्हणून नव्हे.

जयभीम!